चार नंबरची केस

वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्वांत जास्त घाम कुणाला फुटत असेल? तुम्ही म्हणाल, विद्यार्थ्यांना. छे! ‘केसेस’ गोळा करण्याचं काम ज्या डॉक्टरच्या गळ्यात पडलेलं असतं, त्याला. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यांनी खरा रुग्ण तपासायचा असतो, आणि खरे रुग्ण काही आपल्या परीक्षेच्या तारखा बघून आजारी पडत नाहीत. मग डॉक्टरमहाशय फोन घेऊन बसतात. ‘काका, मोतीबिंदू काढला नाहीत ना अजून? शाब्बास! मग मंगळवारी या.’

नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात हे काम डॉ. प्रसाद बोकील करत. नेत्रविभागात बावीस वर्षं शिकवणारे, बेलापूरच्या सोसायटीत राहणारे, हसतमुख गृहस्थ. विद्यार्थ्यांचे लाडके. त्यांच्याजवळ एक जुनी वही होती आणि तिच्यात माणसांची नावं नव्हती, नुसते आजार होते. ‘बुबुळावर फूल, पनवेल.’ ‘तिरळेपणा, तुर्भे.’ पुढे फोन नंबर. त्यातल्या एका ओळीखाली मात्र लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या : ‘आर.पी., जासई.’

आर.पी. म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा एक वंशपरंपरेने येणारा आजार. आधी अंधारात दिसेनासं होतं. मग नजर कडेकडेने आक्रसत जाते आणि शेवटी, नळीतून पाहावं तेवढंच समोरचं दिसत राहतं. पुस्तकात त्याचं चित्र जसं छापलेलं असतं, तसंच्या तसं जासई गावच्या देवजी घरतांच्या डोळ्यांत दिसे. त्यामुळे गेली नऊ वर्षं परीक्षेच्या दिवशी देवजी घरत चार नंबरच्या स्टुलावर बसत. परीक्षेच्या यादीत त्यांचं नाव होतं ‘केस नंबर चार’.

यंदाही डॉक्टरांनी फोन लावला. फोन मुलीने उचलला.

“सर, मी रंजिता. यंदा नाय जमणार. बाबांना आता आम्ही घराबाहेर सोडतच नाय.”

“का गं? काय झालं?”

“मेन रोडला ट्रेलरखाली जाता जाता वाचले दोन वर्षांमागे. कंटेनर घेऊन चाललेला. बाजूने आला तो दिसलाच नाय त्यांना. तिथे उभ्या एका ट्रकच्या क्लीनरने कॉलर धरून ओढलं म्हणून आज हायेत. मागची दोन वर्षं आई घेऊन आली तुमच्याकडे, पण आता तिला सुट्टी नाय मिळत.”

“अरेरे!” डॉक्टर म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. पण पुढच्या श्वासाला काय म्हणावं त्यांनी? “मग तू घेऊन ये ना! रिक्षा मी पाठवतो. अगं, त्यांच्यासारखी सुंदर आर.पी. आख्ख्या जिल्ह्यात मिळायची नाही.”

वाचकहो, लगेच रागावू नका. हा माणूस तुमच्याआमच्यापेक्षा वाईट नव्हता. रोज दोनशे माणसांचे डोळे तपासायचे, वर विद्यार्थ्यांना शिकवायचं. अशा धबडग्यात माणसाचं नाव गळून पडतं आणि आजाराचं तेवढं लक्षात राहतं. आपल्या ऑफिसातही फाइलीच्या मागचा माणूस किती जणांना आठवतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

परीक्षेच्या दिवशी रंजिता वडिलांना घेऊन आली. देवजी चौपन्न वर्षांचे, काटक, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. त्यांची शेतं बंदराच्या प्रकल्पात गेली तेव्हा त्यांना न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात नोकरी लागली होती. कंटेनरवरचे नंबर वाचून वहीत टिपायचे. लांबचा नंबर ते बरोबर वाचत आणि पायाखालच्या दगडाला अडखळून पडत. एवढा मोठा नंबर दिसतो आणि दगड दिसत नाही? ‘देवजी दिवसाढवळ्या पिऊन येतो,’ असं आधी यार्डात झालं, मग गावात झालं. त्यांनी आयुष्यात ताडीचा घोटही घेतला नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी गेली.

चार नंबरच्या स्टुलासमोर अक्षता परुळेकर नावाची विद्यार्थिनी आली. सानपाड्याची, हुशार, पण त्या दिवशी पार गोंधळलेली. ती प्रश्न विचारत होती, कागदावर लिहीत होती. देवजींनी मान जरा पुढे केली आणि हळूच म्हणाले, “मामाचा विचार, बाय. माज्या मामाला पन ह्योच आजार हुता. ता लिव पयला. त्याला मार्क हायेत.”

अक्षताने पटकन लिहिलं.

बाहेरच्या परीक्षक म्हणून त्या वर्षी अमरावतीच्या डॉ. प्रियदर्शिनी वानखडे आल्या होत्या. साठीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी अक्षताचं सगळं ऐकून घेतलं. आजाराचं नाव बरोबर. पडद्यावरच्या काळ्या डागांचं वर्णन बरोबर. नळीसारखी नजर, तेही बरोबर.

“आणि उपचार?”

“मॅडम, खात्रीचा उपचार सध्या नाही. जेनेटिक काउन्सेलिंग, लो व्हिजन एड्स, आणि... आणि...” अक्षता अडली. चेहरा लाल झाला. 

स्टुलावरून देवजी समोर बघत पुटपुटले, “रिहॅबिलिटेशन.”

“रिहॅबिलिटेशन, मॅडम!” अक्षता ओरडलीच.

सगळे खो खो हसले. डॉ. बोकील तर कौतुकाने म्हणाले, “मॅडम, आमचे काका नऊ वर्षांचे अनुभवी आहेत. निम्म्या बॅचा त्यांनीच पास केल्यात!”

वानखडे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि देवजींच्या समोर बसल्या.

“काका, हा शब्द तुम्हाला कुणी शिकवला?”

“शिकवतंय कोन, बाय? ऐकून ऐकून पाठ झाला. त्यो शेवटला शब्द हाय. त्यो बोलला का पोर सुटतंय.”

“त्याचा अर्थ माहीत आहे?”

“आता ता मना काय म्हाईत? डाक्टरकीतला कायतरी असंल.”

“म्हणजे पुनर्वसन, काका. नजर कमी झाली तरी माणसाला आपलं आपण चालता यावं, काम करता यावं, म्हणून त्याला जे शिकवायचं ते. हे उत्तर तुमच्यासाठी आहे. तुमच्यासाठी हे लोक काय करणार, ते.”

देवजींनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. मॅडम नळीत सापडेपर्यंत त्यांना थोडा वेळ लागला.

“माज्यासाठी?” ते म्हणाले. “मंग नव वरसां कुनी क्येला कसा नाय?”

त्यात राग नव्हता हो! तक्रारसुद्धा नव्हती. ‘एसटी अजून कशी आली नाही’ असं विचारावं, तसं त्यांनी साधेपणाने विचारलं. पण खोलीत हसणारा एकेक जण खाली बघू लागला. डॉ. बोकिलांची कानशिलं तापली. नऊ वर्षं! नऊ वर्षांत किमान दीडशे विद्यार्थ्यांनी या माणसाच्या डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं होतं, त्याच्यासमोर हा शब्द उच्चारला होता, त्याचा मार्क घेतला होता आणि ते निघून गेले होते. आणि त्यांना तो शब्द शिकवणारे कोण? आपणच!

जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डॉ. बोकील आणि वानखडे मॅडम दोघंच होते. डॉक्टरांनी सारवासारव करायला सुरुवात केली.

“मॅडम, तुम्हाला तर माहीत आहे. ओपीडी केवढी असते. वेळ कुठे आहे? आणि पुनर्वसन म्हणजे शेवटी सोशल वर्करचं काम.”

“बरं. तुमचा सोशल वर्कर अशा रुग्णांना कुठे पाठवतो?”

डॉक्टर डब्यातली भाजी चिवडू लागले.

“या शहरात पांढरी काठी घेऊन चालायला कुठे शिकवतात?”

“वाशीला कुठेतरी आहे असं ऐकलंय.”

“कुठेतरी!” मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. “बोकील, मोतीबिंदूची लेन्स कोणत्या रुग्णाला कोणत्या पॉवरची, हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. आणि हे ‘कुठेतरी’. मी तुम्हाला नावं ठेवत नाहीये. मीपण पंधरा वर्षं हेच केलं. मग माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली. त्यांना संडासापर्यंत एकटं जाता यावं एवढंच हवं होतं. ते शिकवणारा माणूस मला सापडेना. मी डोळ्यांची डॉक्टर, आणि मला माहीत नाही! बाबा म्हणाले, ‘तुझ्या पुस्तकात याचं पान नाही का गं?’”

डॉक्टरांनी समोरचा डबा बाजूला सारला.

“डोळा सुधारण्यासारखा आहे तोवर रुग्ण आपला,” मॅडम पुढे म्हणाल्या. “सुधारणार नाही असं कळलं की आपण हात झटकतो. ‘आता काही करण्यासारखं नाही,’ म्हणतो. तो माणूस ते वाक्य घरी घेऊन जातो आणि खाटेवर बसतो. घरचेही त्याला उठू देत नाहीत. डॉक्टरच बोललाय ना! अहो, करण्यासारखं तर त्या दिवसापासून सुरू होतं. आपण ते करत नाही, म्हणून आपले विद्यार्थी करणार नाहीत. उद्या हीच मुलं गावोगाव दवाखाने उघडतील आणि तिथेही हेच वाक्य म्हणतील.”

डॉक्टरांना जेवण गेलं नाही. ते बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर देवजी आणि रंजिता बसले होते. रंजिता मोबाइलवर काहीतरी लिहीत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती.

“सर, पुढच्या वर्षी फोन नका करू,” ती मान वर न करता म्हणाली.

“तू काय करतेस गं?”

“बी.कॉम. झाली. शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात जॉब लागलाय. एक तारखेपासून बोलवलंय. आज पाचपर्यंत हो की नाय सांगायचंय. तेच लिहितेय. नाय म्हणून.”

“का?”

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की प्रश्न विचारल्याची त्यांना लाज वाटली. “आई गोदामात पॅकिंगला जाते. सकाळी आठला जाते ती रात्रीच येते. बाबांना एकटं सोडू? परत ट्रेलरखाली गेले तर?”

“मी किती सांगतू हिला, जा तू,” देवजी म्हणाले. “मी बसंन खाटवं. खैच जानार नाय. पन आयकतच नाय. माज्यापायी पोरीचा नुकसान.” त्यांनी तोंड फिरवलं.

आज आठ तारीख. डॉक्टरांनी मनात हिशेब केला आणि काही विचार व्हायच्या आधीच बोलून गेले, “हो म्हणून कळव. मला एक तारखेपर्यंत वेळ दे.”

“आणि काय झालं तर? तुमी जबाबदार?”

या प्रश्नाला होय म्हणायला बावीस वर्षांची प्रॅक्टिस पुरत नाही. डॉक्टर घुटमळले. मग म्हणाले, “होय. मी जबाबदार.”

दोन दिवस त्यांनी फोनवर फोन केले आणि वाशीचं ते ‘कुठेतरी’ अखेर सापडलं. तिथे इंद्रजित नाखवा नावाचा प्रशिक्षक होता. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला. विशीत नजर गेली तेव्हा तो वडिलांच्या होडीवर होता. आता चाळिशीत तो नजर गेलेल्यांना चालायला, स्वयंपाक करायला, मोबाइल वापरायला शिकवत होता. रविवारी डॉक्टर आपल्या गाडीने त्याला घ्यायला गेले. बरोबर अक्षता आणि तिचे दोन वर्गमित्र. अक्षता स्वतःहून आली होती. डॉक्टरांनी अदबीने इंद्रजितचा दंड धरला आणि त्याला गाडीकडे ढकलत न्यायला लागले.

“डॉक्टर, थांबा थांबा,” इंद्रजित हसत म्हणाला. “मी काय तांदळाची गोण हाय का? तुमी मला नका धरू. मी तुमाला धरतो. हा असा, कोपराच्या वर. तुमी पुढं, मी अर्धं पाऊल मागं. पायरी आली की थांबायचं आणि सांगायचं. हां, आता चला.”

डोळ्यांवर हजारो शस्त्रक्रिया केलेला माणूस आंधळ्या माणसाला नेतात कसं हे त्या दिवशी पहिल्यांदा शिकला. मुलांनी वहीत टिपून घेतलं.

जासईच्या घरी देवजींची बायको सरस्वती दारातच उभी होती. तिला हे सगळं पसंत नव्हतं.

“यांना काठी देऊन हिंडाला लावताव? बरां चाललंय ता चालू द्या.”

आणि मौज अशी, की देवजींनाही नको होतं! “काठी नको,” ते म्हणाले. “काठी घेतली का गाव आंधला बोलंल. मना दिसतं थोडा.”

“दिसतं ना!” सरस्वती कडाडली. “मोबाइल दिसतं, टीव्ही दिसतं, पायाखालची बादली तेवरी दिसं नाय! पंधरा वरसां ह्येच बघतंय मी. पान्यानं भरलेली बादली लाथारून टाकायची नि बसाचा. कामाचा आलस, दुसरा काय!”

 देवजींना या बोलण्याची सवय होती.

अक्षता मात्र अस्वस्थ झाली. चार दिवसांपूर्वी याच माणसाबद्दल तिने ‘नळीसारखी नजर’ असं झोकात सांगून मार्क मिळवले होते. तिने टीपॉयवरचं वर्तमानपत्र घेतलं, त्याची दोन पानं फाडून बारीक सुरनळ्या केल्या आणि सरस्वतीसमोर धरल्या.

“काकी, एक मिनिट. या दोन्ही डोळ्यांना लावा. समोरचं कॅलेंडर दिसतंय?”

“दिसतंय की. तारीख पन दिसतंय.”

“आता तशाच मोरीपर्यंत चालत जा.”

सरस्वती दोन पावलं चालली. तिसऱ्याला पाय बादलीवर आदळला. पाणी फरशीभर पसरलं, लुगडं भिजलं. तिने सुरनळ्या खाली केल्या, बादलीकडे पाहिलं, पुन्हा डोळ्यांना लावल्या. कॅलेंडर दिसत होतं. बादली नव्हती. ती जागच्या जागी फिरली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, “तुमी खै हाव?”

“हा काय, तुज्याच बाजूला,” देवजी म्हणाले. ते हातभर अंतरावर होते.

सरस्वती त्या ओल्या फरशीवरच बसली. “पंधरा वरसां,” ती म्हणाली, “पंधरा वरसां शिव्या घातल्या मी या मानसाला!” आणि ढसाढसा रडू लागली.

देवजी चाचपडत तिच्याजवळ बसले. “तू काय करशील? तुला कोन सांगनार? मना तरी कुनी सांगलाय?”

डॉ. बोकील भिंतीला टेकून उभे होते. दोन मिनिटांचं काम! एक वर्तमानपत्र आणि दोन मिनिटं. कितीदा सरस्वती या माणसाला आपल्या ओपीडीत घेऊन आली असेल. एका घरातली पंधरा वर्षांची भांडणं दोन मिनिटांत मिटली असती, आणि आपल्याला वेळ नव्हता.

इंद्रजितने वातावरण हलकं केलं. “काका, गाव तुमाला आंधळा म्हणेल म्हणता. आत्ता काय म्हणतं?”

“बेवडा म्हनतं.”

“मग ही बढती झाली की हो!”

 मग देवजी असे हसले, असे हसले, की बाहेरून रंजिता धावत आत आली. तिने कित्येक दिवसांत हा आवाज ऐकला नव्हता. हसता हसताच देवजींनी हात पुढे केला. इंद्रजितने घडीची पांढरी काठी त्या हातात दिली.

पुढचे तीन आठवडे सोपे नव्हते. देवजी चिडले, दोनदा काठी फेकूनही दिली. पहिल्या दिवशी चहा करताना हात पोळला तेव्हा सरस्वतीने सगळ्यांना घराबाहेर काढण्याची भाषा केली. पण बादलीला एक जागा ठरली. दार एकतर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट ठेवायचं नाही, असा घरात नियम झाला. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी लागली. इंद्रजित एक दिवसाआड येई. एकेका दिवशी दोन-तीन विद्यार्थी त्याच्याबरोबर. त्यांनी देवजींच्या दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरला. तोही नऊ वर्षांत कुणी भरलेला नव्हता. गल्लीतून देवळापर्यंत, देवळापासून दुकानांपर्यंत, काठी डावीउजवीकडे फिरवत देवजी चालायला शिकले. मेन रोडशी आल्यावर इंद्रजित थांबला.

“हे ट्रेलर मला पण भारी पडतात, काका. इथं मी एकटा जात नाय. कोणाला तरी सांगायचं, ‘भाऊ, पलीकडं न्या.’ मदत मागायला लाजायचं नाय. ते पण शिकायला लागतं.”

इकडे विभागात डॉ. बोकिलांनी एक फतवा काढला. यापुढे नुसता शब्द म्हणून सुटका नाही. ज्याचा डोळा बरा होणार नाही त्याला, आणि त्याच्या घरच्यांना, समोर बसवून साध्या मराठीत सांगायचं : काय दिसतं, काय दिसत नाही, कुठे शिकायचं, कुणाला भेटायचं. पत्ता आणि फोन नंबरासकट. एकदा तरी त्यांच्या घरी जाऊन यायचं. त्याशिवाय जर्नलवर सही मिळणार नाही. सहकाऱ्यांपैकी काहींनी नाकं मुरडली. “बोकील, समाजसेवा सुरू केली वाटतं?” डॉक्टर म्हणाले, “नाही. डोळ्यांची डॉक्टरकी पूर्ण करतोय.”

एक तारीख उजाडली. रंजिता नवा ड्रेस घालून कामावर गेली. साडेबाराला तिने घरी फोन केला. कुणी उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा केला.  तिने डॉक्टरांना फोन लावला.

“सर, बाबा फोन उचलत नाहीत! तुमी जबाबदार म्हणाला होता, सर! तुमी म्हणाला होता!”

डॉक्टर ओपीडीत होते. समोरच्या म्हाताऱ्या बाईंची हनुवटी मशीनवर टेकलेली होती. त्यांनी सहकाऱ्याला बोलावलं, रुग्ण त्याच्या हवाली केला आणि गाडी काढली. जासईपर्यंतचा रस्ता त्यांनी कसा कापला ते त्यांचं त्यांना ठाऊक. प्रत्येक ट्रेलरच्या चाकांखाली ते आधी बघत होते. घराला बाहेरून कुलूप होतं! शेजारीण म्हणाली, “बघलां नाय, साहेब.” डॉक्टर पन्नाशीचे, पोट सुटलेले, ते मेन रोडच्या दिशेने अक्षरशः धावत सुटले. काय तोंड दाखवणार त्या पोरीला? कशाला ‘होय’ म्हणालो? कशाला या भानगडीत पडलो?

दुकानांच्या ओळीत शेवटी एक केशकर्तनालय होतं. त्याच्या दाराशी, भिंतीला टेकवून, घडी केलेली पांढरी काठी उभी होती.

आत खुर्चीवर देवजी घरत बसले होते. केस कापून झाले होते आणि तोंडाला साबणाचा फेस होता.

“काका!” डॉक्टरांना धाप लागली होती. “फोन... फोन कुठे आहे तुमचा?”

“कोन, बोकील डाक्टर? इकरं कसे? फोन? त्यो घरी ऱ्हायला, चार्जिंगला.”

डॉक्टरांनी स्वतःच्या फोनवरून रंजिताला लावून दिला आणि बाकावर बसकण मारली. पलीकडून तिचा आवाज दुकानभर ऐकू येत होता. ती ओरडत होती, मधेच रडत होती. “सांगून जायचं ना बाबा! कोणाला तरी सांगून जायचं ना!”

देवजींनी तिला पुरतं बोलू दिलं. मग अगदी हळू म्हणाले, “बाय, दोन वरसां मी कुनाला सांगल्याबिगर खैच गेलू नाय. मोरीत जातानी पन तुला सांगून जायचू. आज गेलू.”

 न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला. मग रंजिता नाक ओढत म्हणाली, “बरं. मी कामाला लागते.”

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरात, नाहीतर शेजारी, नजर अधू झालेलं एक तरी माणूस असतं. आपण त्याची काळजी घेतो. हाताला धरतो, खाटेवर बसवतो, ताट हातात देतो, आणि वाटतं, केवढी सेवा केली! त्याला काय हवंय ते विचारत नाही. उद्या एखाद्या डॉक्टरने तुम्हाला सांगितलं की आता काही करण्यासारखं नाही, तर खुर्चीवरून उठू नका. विचारा : डोळ्याचं समजलं, आता या माणसाचं काय करायचं? कुठे शिकवतात, पत्ता द्या. आणि तुम्ही स्वतः डॉक्टर असाल, शिक्षक असाल, तर तो पत्ता तुमच्या खिशात असू द्या. उपचार संपतात तिथे आपलं कर्तव्य संपत नाही, एवढं जरी आपण आपल्या मुलांना शिकवलं तरी पुष्कळ झालं.

डॉक्टर उठले. “चला काका, गाडी आहे. घरी सोडतो.”

“तुमी जा, डाक्टर. तुमचे पेशंट खोलंबले असतीन,” देवजी म्हणाले आणि फेस लावलेली हनुवटी वर करून त्यांनी मान मागे टेकली. “माजी दारी व्हायची हाय अजून.”